कापश्याच्या खांद्यावर लाल

मारकी गाय मारायच्या आधी मान खाली घालते, नाकातून फुसकारते, मागचा पाय मातीत रोवते. समोरच्याला बाजूला व्हायला तेवढा तरी वेळ मिळतो. मैनानं नवऱ्याला तेवढाही दिला नव्हता.

ती पाट्यावर ठेचा वाटत होती. नवरा मागून आला, नेहमीसारखे केस धरून तिला मागं ओढलं आणि नेहमीसारखी कमरेत लाथ घातली. रिद्धपूरकडच्या त्या सासरात हे इतकं नेहमीचं होतं की सुपात ज्वारी निवडणाऱ्या सासूनं मानही वर केली नाही. त्या दिवशी फरक एवढाच पडला, की मैनाच्या हातात वरवंटा होता आणि ओढली गेली तरी तिनं तो सोडला नाही. ती वळली आणि तिनं खालून वर असा वरवंटा हाणला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला. नवरा भुईवर बसला. जबडा एका बाजूला सरकलेला, तळहातावर रक्त आणि दात, आणि तो त्या दातांकडे असा बघत होता जसे ते दुसऱ्याच कुणाचे असावेत. मग मैनानं दुसऱ्यांदा मारलं.

त्या दुसऱ्या फटक्यावरून गावानं तिला मारकी ठरवलं.

तिचं माहेर भातकुलीच्या आतल्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. तिथं तिचा मोठा भाऊ देवमन, भावजय आशाबाई, काळ्या जमिनीचा बऱ्यापैकी तुकडा आणि दावणीला बैल. मैना रक्ताच्या लुगड्यानिशी तिथं पोचली आणि तिच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी सासरची माणसं गाडी भरून आली. आशाबाईनं मैनाला कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत कोंबून बाहेरून कडी लावली. त्यामुळे मैनाला काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. ती कुठं आहे असं ते विचारत होते आणि देवमन दर वेळी ठाऊक नाही म्हणत होता. शेवटी त्यांनी त्याचा उजवा हात बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांत घातला आणि चाक फिरवलं.

हात बसवला, पण वाकडाच बसला. प्लास्टर निघालं त्या दिवशी देवमन ओसरीवर बसून बहिणीला म्हणाला, "एक डाव मारलं असतं तं म्या तुह्याकडूनच बोललो असतो, मैने. पण तो तं खाली बसला होता. दुसऱ्यांदा काहून मारलं?"

तिनं खरं तेच सांगितलं, की हात थांबला नाही.

"मंग ज्याचा हात थांबत नाही त्यानं माह्या घरात राहू नये," देवमन म्हणाला, आणि आत गेला.

मैना अकोल्याला आली.

अकोल्याच्या जुन्या शहरात रऊफभाईंचं रंगाचं दुकान आहे. तिथं ती झाडूपोछ्याला लागली आणि काही महिन्यांत रंग घुसळायच्या यंत्रापाशी उभी राहिली. रंगाचा डबा यंत्रात घट्ट आवळायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मग ते यंत्र डब्याला असं काही झोडपतं की दुकानाची फरशी थरथरते. मैनाला ते यंत्र आवडायचं. रऊफभाई बीबीला घरी सांगत, की आपल्या दुकानातली दोन्ही यंत्रं एकमेकांसोबत खूश आहेत.

एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. डोक्यावर हेल्मेट तसंच, काखेत बर्फाचा थर्मोकोलचा डबा. तिनं त्यातून एक जाड स्टीलची बाटली काढली आणि ही जरा तुमच्या यंत्रात हलवून द्याल का, असं विचारलं.

"काय हाय यात? कुल्फी?" रऊफभाईंनी विचारलं.

"जंतू आहेत. आणि काचेचे मणी."

रऊफभाई गल्ल्यामागं सरकले. "मॅडम, ये रंग का दुकान है. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या भिंतीले हगवण लागली तं मी काय तोंड दाखवू?"

मुलगी हसली. ती अपेक्षा. बाहेर शिकून अकोल्यात परत आलेली. एका बंद पडलेल्या तेलघाणीच्या शेडमध्ये तिनं प्रयोगशाळा थाटली होती. हे जंतू कुणाला आजारी पाडणारे नाहीत, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले गरीब प्राणी आहेत, असं तिनं परोपरीनं समजावलं. त्यांना फोडायचं यंत्र एका गाडीच्या किमतीचं येतं आणि फोडून तयार केलेला अर्क विकत घ्यावा तर तो परदेशातून बर्फात बसून येतो, त्याचा भाव ऐकून विद्यापीठंही गप्प बसतात. म्हणून ती रंगाच्या दुकानात आली होती. मण्यांबरोबर जोरात झोडपलं की जंतू फुटतात, मग यंत्र कुणाचं का असेना.

मैनानं बाटली हातात घेऊन पाहिली. "फुटले का मरत असतीन."

"ते मरतात," अपेक्षा म्हणाली. "पण त्यांच्या पोटातलं काम मरत नाही. मला तेच पाहिजे."

"मालक मेल्यावर काम कोन करते?"

अपेक्षानं गल्ल्यावर बूड टेकलं आणि सांगायला लागली. समजा, एक जिनिंग आहे. तिची भिंत पाडली, पत्रे उडवले, मालक पळाला. पण आतली यंत्रं शाबूत आहेत. त्यांना वीज दिली, कापूस टाकला, तर सरकी वेगळी होणारच ना? पेशीचंही तसंच. तिच्या आत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात. पेशी जिवंत असते तोवर ती स्वतःच्या पोटापुरतं बनवते, आपलं ऐकत नाही. भिंत फोडून यंत्रं बाहेर काढली, त्यांना साखर दिली, लागणारा कच्चा माल दिला आणि आपल्याला हवा तो निरोप दिला, की ती आपल्याला हवं ते प्रथिन बनवतात. नळीत बनवतात, कागदाच्या ठिपक्यावरही बनवतात. पेशी पाळायला नको, सांभाळायला नको.

रऊफभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मैनाला म्हणाले, की लाव बाई, पण खिडकी उघड.

मैनानं बाटली आवळली आणि बटण दाबलं. अपेक्षा थांब म्हणाली तेव्हा तिनं अजून थोडं चालू ठेवलं, चांगलं फुटू द्या म्हणून. बाहेर काढली तेव्हा बाटली चहाच्या पेल्यासारखी गरम होती. अपेक्षाचा चेहरा पडला.

"सगळं शिजलं," ती म्हणाली. "यंत्रंही मेली. मैनाताई, आपल्याला फोडायचं आहे. मारायचं नाही."

मैनानं ती गरम बाटली दोन्ही तळव्यांत धरली. "या दोन्हीतला फरक मले कोनी शिकवला नाही," ती म्हणाली.

पुढं अपेक्षानं तसलंच एक जुनं यंत्र मिळवलं आणि मैना तिच्याकडेच कामाला लागली. थोडं झोडपायचं, बाटलीला तळवा लावून पाहायचा, बर्फात बुडवायचं, पुन्हा थोडं झोडपायचं. कमी पडलं तर भिंती तशाच राहायच्या, जास्त झालं तर आतलं सगळं नासायचं. किती तरी अर्क फुकट गेले. काही मैनानं घालवले, काही अपेक्षानं चुकीची साखर घालून घालवले, एक सबंध आठवड्याचा माल वीज गेल्यानं गेला. दोघी एकमेकींवर ओरडायच्या, मग तेलघाणीच्या ओट्यावर बसून कच्चा चिवडा खायच्या. मैनाचे दंड यंत्राच्या हिसक्यांनी घट्ट झाले. बाटली गरम व्हायच्या आत हात बटणावरून काढायची सवय मात्र तिला फार सावकाश लागली.

त्याच सुमारास आसपासच्या जिल्ह्यांत लंपी पुन्हा आला. गाईबैलांच्या अंगावर गाठी येतात, पाय सुजतात, जनावर खायचं थांबतं. गाठी दिसतात तोवर माशांनी तो आजार शेजारच्या गोठ्यात नेलेला असतो. अपेक्षानं अर्क कागदाच्या कार्डावर ठिपक्यासारखा वाळवला. त्याला फ्रीज लागत नव्हता, खिशात घालून नेता यायचं, आणि इतकं स्वस्त पडायचं की रऊफभाईंनी त्याची बरोबरी टपरीवरच्या पानाशी केली होती. जनावराच्या कानाचं थेंबभर रक्त नळीतल्या औषधात मिसळायचं, नळी गरम पाण्याच्या थर्मासात ठेवायची आणि मग त्यातलं पाणी ठिपक्यावर सोडायचं. त्यात लंपीची खूण असली तर ठिपक्यातली मेलेल्या जंतूंची यंत्रं जागी होऊन एक प्रथिन बनवू लागतात, आणि त्या प्रथिनानं पिवळा ठिपका हळूहळू लाल होतो. पिवळा राहिला तर जनावर निरोगी. कार्ड अजून चाचणीवर होतं. लाल आलं तर जनावर बाजूला बांधून सरकारी डॉक्टरांकडे नमुना पाठवायचा, एवढंच सांगायची परवानगी होती. हातमोजे घातल्याशिवाय ठिपक्याला हात लावायचा नाही, हे अपेक्षा दर खेपेला बजावायची.

पोळा जवळ आला. मैनाच्या माहेरच्या गावानं ठरवलं की तपासलेलाच बैल तोरणाखाली उभा राहील. आणि एका सकाळी मैनाच्या फोनवर आशाबाईचा आवाज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मैनाबाई, तुमी ते बैलाचं पाह्यता म्हने. आपल्या कापश्याचं पाहून द्याले याल का?"

"दादानं सांगतलं?"

"त्यायनं नाही म्हनलं नाही," आशाबाई म्हणाली.

मैनाला तेवढं पुरलं. अपेक्षाला दुसऱ्या गावांना जायचं होतं, म्हणून मैना एकटीच पिशवीत कार्डं आणि थर्मास घेऊन अमरावतीच्या बसमध्ये बसली. रस्ताभर ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. देवमन तिला ओसरीवर बसवेल, की आत बोलावेल.

त्यानं तिला अंगणातच ठेवलं. पाणी आशाबाईनं आणून दिलं. देवमन कापश्याजवळ उभा होता, पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदेमळणीची तयारी करत. कापश्या नावासारखाच, बोंडातून नुकताच फुटल्यासारखा पांढरा. मैनानं हातमोजे चढवले, कानाच्या कडेला सुई टोचली, रक्त नळीत घेतलं, नळी थर्मासात ठेवली. आता थोडा वेळ थांबायचं होतं. कुंपणापलीकडून शेजारीपाजारी डोकावत होते.

देवमन वाटीत हळद आणि लोणी कालवत होता. वाकड्या हातानं ते त्याला नीट जमत नव्हतं. मैना पुढं झाली.

"रबराचा हात लावशीन बैलाले?" तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "आजच्या दिवशी?"

इतक्या वर्षांत त्यानं तिला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. मैनानं हातमोजे ओढून काढले आणि पिशवीत कोंबले. तिनं दोन्ही पंजांनी कापश्याचे खांदे मळले, जिथं जू घासून कातडी जाड झाली होती तिथं अंगठे रुतवून, कोपरापर्यंत पिवळी होईस्तोवर. बैलानं डोळे मिटले. देवमननं पळसाची पानं पाण्यात बुडवून खांद्यावर फिरवली आणि दरवर्षीचं म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." बैलाला आवतन होतं. बहिणीला कुणी काही म्हटलं नाही.

मग तिनं टाक्यावर साबणानं हात धुतले. त्या भागातल्या खाऱ्या पाण्यात साबण नीट निघत नाही, बोटांवर लोण्यातल्या हळदीचा आणि साबणाचा चिकट थर राहतोच. थर्मासातल्या नळीची वेळ झाली होती. मैनानं तशाच ओल्या बोटांनी कार्डाची पुडी फाडली, निसटायला लागलेलं कार्ड अंगठ्यानं धरलं, आणि अंगठा ठिपक्यावर टेकला. पिवळ्यावर पिवळं कुणाला दिसणार? तिनं नळीतले थेंब सोडले.

ठिपका लाल झाला. लगेच झाला.

तिथंच तिच्या ध्यानात यायला हवं होतं, कारण खरा लाल सावकाश येतो, तास घेतो. पण तिच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट शिरली, की भावाच्या दारात आपण पुन्हा काळं तोंड घेऊन आलो.

"दादा," ती म्हणाली, "याले बाजूले बांधा लागते."

तिनं हळू म्हटलं, पण कुंपणावर कान होते. आजार आहे, हे शब्द कुंपण ओलांडून गल्लीत गेले आणि गल्लीतून माणसं घेऊन परत आले. सगळ्यांच्या पुढं पुंजाराम होता. गेल्या साली लंपीनं त्याच्या गाई त्याच्या डोळ्यासमोर गेल्या होत्या. शेवटची तीन दिवस उभी राहायचा प्रयत्न करत होती, असं तो अजूनही कुणालाही धरून सांगायचा.

"बाजूले म्हंजे कुठं?" त्यानं विचारलं. "माशीले तुह्या दाव्याची लांबी मालूम हाय का? गावाबाहेर काढ त्याले, देवमन. आता."

देवमन कासरा मनगटाला गुंडाळत म्हणाला, की डॉक्टर येईस्तोवर बैल अंगणातून हलणार नाही.

"तुह्या डॉक्टरची वाट पाह्यता पाह्यता माह्या गाई मेल्या."

"तुह्या गाई म्या मारल्या काय?"

पुढचं बोलणं दगडांनी झालं. पहिला दगड कापश्याच्या डोळ्याच्या वर बसला. बैलानं मान झटकली, देवमन कासऱ्यासकट फरफटला आणि गोठ्याच्या खांबावर आपटला. माणसं कुंपण मोडून आत आली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात बाभळीची फांदी, एकाच्या हातात विहिरीवरची सबल, जाड लोखंडी पहार. कालपर्यंत ज्यांनी याच बैलाच्या अंगावरून हात फिरवला होता ते त्याला पाठीवर, फऱ्यावर, नाकाडावर झोडपत होते आणि प्रत्येक फटक्याबरोबर हाट, हाट म्हणत होते, जसं काही ते त्याला पेरणीलाच हाकत होते. सबल शिंगावर बसली. शिंगाचं वरचं कवच सटकन निघून चिखलात पडलं आणि आतलं कोवळं, रक्ताळ टोक उघडं झालं. कापश्या हंबरला नाही. त्यानं घशातून एक जाड, ओला आवाज काढला आणि गुडघे टेकले.

देवमन त्याच्या मानेवर पालथा पडला. त्याच्या पाठीवर काठ्या पडू लागल्या. मैना मध्ये घुसली, कुणीतरी तिचा हात कुंपणाच्या खुंटावर चेचला, अंगठ्याचं नख उलटं झालं. तिला ते नंतर कळलं. तिनं बैलगाडीची उभारी, कडेचा उभा दांडका, उपसली.

ती फिरवायला लागली तशी माणसं मागं सरकली. एकाच्या नडगीवर बसली, एकाच्या पाठीत. पुंजाराम देवमनवर काठी उगारून उभा होता. मैनानं त्याच्या हातावर हाणली. तोच आवाज. वाळक्या तुराटीचा. पुंजाराम खाली बसला आणि आपल्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहू लागला.

मैनानं उभारी पुन्हा डोक्याच्या वर नेली.

त्याच वेळी आशाबाई न्हाणीतून धावत आली. तिच्या हातात बादली होती, बैलांच्या झुली भिजत घातलेल्या साबणाच्या पाण्याची. दुसरं काही हाताला लागलं नसावं. तिनं ती सगळी गर्दीवर फेकली. पाणी थोडं माणसांवर गेलं, बरंचसं कापश्याच्या खांद्यांवर पडलं. आणि पांढऱ्या बैलाचे दोन्ही खांदे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाले.

गर्दीतून एक उसासा निघाला. काठ्या थांबल्या. एवढं रक्त एकदम कुठून फुटलं, हे कुणाला कळेना.

मैनाची उभारी वरच राहिली. ती त्या लाल रंगाकडे पाहत होती. खांद्याला कुणी मारलेलं नव्हतं. मार पाठीवर, तोंडावर, शिंगावर होता. तिनं उभारी टाकली, गुडघ्यावर बसून पदरानं खांदा पुसला. खाली कातडी धड होती, तिनं दुपारी मळली होती तशीच मऊ. मग तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या बेचक्यात पिवळं होतं आणि जिथं साबणाचं पाणी लागलं होतं तिथं लालसर.

"हयद हाय," ती म्हणाली. पुन्हा मोठ्यानं म्हणाली. "रक्त नोहे हे. हयदीले साबन लागला. कारडावर बी हेच झालं. माह्या हाताची हयद होती. बैलाले काही नाही झालं."

कुणी विश्वास ठेवेना. आता भाऊ वाचवायला सांगून राहिली, असं मागून कुणीतरी म्हणालं. मैनानं पिशवी उपसली, हातमोजे चढवले. उलट्या नखावरून रबर ओढताना तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तिनं एक कोरं कार्ड काढलं, आशाबाईच्या बादलीच्या तळाचा थेंब देवमनच्या हळदीच्या बोटावरून त्यावर निथळवला. कार्ड लगेच लाल झालं. तिनं ते फिरवून सगळ्यांना दाखवलं. मग थर्मासातल्या नळीत उरलेलं पाणी दुसऱ्या कोऱ्या कार्डावर सोडलं आणि ते कार्ड पुंजारामच्या धड हातात दिलं.

"तूच धर. तासभर पाह्यजो. मले हात लावू देऊ नोको."

आणि मग, जे आत्तापर्यंत एकमेकांची हाडं मोडत होते ते सगळे त्याच अंगणात बसले. दुसरं करणार काय? कुणी बैलाला मारायला उठेना, कुणी घरी जाईना. नडगीवर मार बसलेला माणूस ओसरीच्या पायरीवर पाय लांब करून कण्हत होता. सबल आणणाऱ्यानं ती आपल्या मागं लपवली होती, जणू ती आपोआप आली होती. पुंजारामचा हात सुजून वांग्यासारखा झाला होता, त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो कार्डावरून नजर काढेना.

"दवाखान्यात ने म्हना त्याले," आशाबाई कुणाला तरी म्हणाली.

"नाही," पुंजाराम म्हणाला. "मी पाह्यतो."

ऊन कौलांवरून उतरलं. ठिपका पिवळा होता. मध्येच कुणी तरी वाकून पाहायचं आणि मान हलवायचं. मैना कापश्याच्या शिंगावर ओली चिंधी धरून बसली होती आणि तिला त्या कार्डातल्या यंत्रांचा विचार येत होता. तिनंच झोडपून बाहेर काढलेली. निरोप यायची वाट बघत बसलेली, आणि निरोप आलाच नाही म्हणून गप्प.

तास उलटून गेला, तरी पुंजारामनं आणखी थोडं थांबून पाहिलं. पिवळाच. त्यानं कार्ड मैनाकडे परत दिलं.

"माही शेवटची गाय तीन दिवस उठाले पाहून राह्यली होती, मैने," तो म्हणाला. "मले भेव वाटलं."

मैनानं मान हलवली. त्याचा हात आपण मोडला, हे तिला म्हणायचं होतं, पण ते तो पाहतच होता. पोरांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून अमरावतीला नेलं. बाकीचे मोडक्या कुंपणातून एकेक करून निघून गेले. जाताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

अंगणात देवमन, मैना आणि बैल राहिले. देवमनच्या डोक्यातून निघालेलं रक्त कानामागं वाळलं होतं. तो कापश्याच्या उघड्या शिंगाकडे पाहत होता. पोळ्याला जे शिंग तो रंगवणार होता ते चिखलात पडलेलं होतं.

"हे तुह्या हातानं झालं," तो म्हणाला. "गावानं नाही केलं. तुह्या हातानं केलं."

"हो," मैना म्हणाली.

तिनं हो म्हटलं तशी त्याला थांबवायला काही उरलं नाही. त्यानं हात उगारला, उजवाच, वाकडा. मैनानं तो वरच्या वर मनगटाशी धरला. बोटांखाली तिला ते हाड लागलं, चुकीचं जुळलेलं, मध्येच गाठ आलेलं. तिची पकड आवळली. एवढ्या वर्षांत तिच्या हातात जे काही बळ साठलं होतं ते सगळं त्या मनगटावर येऊन थांबलं. देवमनचा चेहरा पांढरा पडला, पण त्यानं हात ओढला नाही. तोही पाहत होता, ही आता काय करते ते.

बाटली गरम व्हायला लागली की तळव्याला आधी कळतं. मैनानं बोटं सोडली. एकेक करून.

"मारू नोको मले," ती म्हणाली. "मी पुन्हा मार खानार नाही, तुह्या हातचा बी नाही. पानी आन. शिंग धुवा लागते, नाहीतं माशा बसतीन."

देवमन उभाच राहिला. मग तो गेला आणि पाणी घेऊन आला; टाक्यावरचं खारं नाही, आतल्या माठातलं. आशाबाई कोरड्या वाटीत हळद घेऊन आली. तिनं वाटी मैनापुढं धरली आणि मग तिच्याच ध्यानात येऊन जरा चाचरली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं. हसू असेल, रडूही असेल.

तिघांनी मिळून शिंग धुतलं, हळद दाबली, धोतराची पट्टी गुंडाळली. कापश्या थरथरत होता, पण त्यानं मान तिथंच ठेवली. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. उद्या तो तोरणाखाली उभा राहणार नव्हता. मैनानं धड हातानं अपेक्षाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. हातमोजे काढले इथपासून पुंजारामचा हात मोडला इथपर्यंत. मग अपेक्षा म्हणाली, की तिन्ही कार्डं जपून ठेवा, चुकीचं सुद्धा. आणि आधी स्वतःचा अंगठा दाखवा.

पट्टीची गाठ मारून झाल्यावर देवमननं चिखलात पडलेली पळसाची पानं उचलली, झटकली, माठातल्या पाण्यात बुडवली. दुपारी एकदा झालं होतं, पुन्हा करायची रीत नाही. तरी त्यानं पानं कापश्याच्या खांद्यावर फिरवली. लाल अजून गेलं नव्हतं.

"आज आवतन घे," तो बैलाला म्हणाला, "उद्या जेवाले ये."

मग पानं तशीच हातात धरून, बैलाच्या खांद्याकडेच पाहत, त्यानं जोडलं, "तू बी."